रेटिनॉल, ॲडापॅलीन की ट्रेटिनॉइन : सोलापूरच्या उन्हात कुठलं निवडायचं?

प्रश्न थोडक्यात असा. ताईंचं वय ४७, सोलापुरातच राहतात, शाळेत शिकवतात, रोज स्कूटीवरून ये-जा. त्वचा कोरडी पडत चाललीय, डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या आल्यात आणि गालांवर तपकिरी छटा चढलीय. पुण्याच्या भाचीनं स्वतः वापरते ते १ टक्का रेटिनॉलचं सिरम पाठवून दिलंय. मैत्रिणीनं तिच्या मुलीच्या पिंपल्सची ॲडापॅलीनची ट्यूब सुचवली. आणि मेडिकलवाल्यानं "खरा फरक ह्यानंच पडतो" म्हणत ट्रेटिनॉइन ०.०५ टक्के हातात ठेवलं. ते सलग चार रात्री लावलं. पाचव्या दिवशी चेहरा लाल, सालपटं निघतायत, साधं पाणी लागलं तरी आग. आता त्या विचारतायत, ह्यातलं सगळ्यात चांगलं कुठलं? हेच पुढे रेटू का? आणि जाता जाता, मिस्टरांनाही चालेल का?

सोलापुरात त्वचारोगाची प्रॅक्टिस करून मला तेवीस वर्षं झाली. हा प्रश्न ओपीडीत आठवड्यातून दोनदा तरी येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, सगळ्यात आधी ती ट्यूब कपाटात ठेवा. आठ-दहा दिवस चेहऱ्याला कुठलंही औषध नको. सौम्य फेसवॉश, दिवसातून तीन-चार वेळा बिनवासाचं मॉइश्चरायझर, आणि रात्री जिथे सालपटं निघतायत तिथे व्हॅसलिनचा पातळ हात. सालपटं नखानं ओढू नका, स्क्रबनं घासू नका. लिंबू, मुलतानी माती, दही-हळद सध्या स्वयंपाकघरातच राहू द्या. चेहऱ्यातून पाणी गळायला लागलं, डोळे सुजले किंवा दहा दिवसांतही आग थांबली नाही, तर मात्र फोटो पाठवत बसू नका, प्रत्यक्ष जाऊन दाखवा.

हे झालं म्हणजे हे औषध आपल्याला सोसतच नाही, असं लगेच धरून चालू नका. सलग चार रात्री, बहुतेक बोटभर, आणि तोंड धुतल्या धुतल्या ओल्या चेहऱ्यावर. असं लावलं तर माझाही चेहरा सोलवटेल. ॲलर्जी क्वचित असते, बहुतेक वेळा मात्रा चुकलेली असते.

आता मूळ प्रश्न. "सगळ्यात चांगलं कुठलं" ह्याचं पुस्तकी उत्तर एका ओळीत देता येतं : पुरावा सगळ्यात भक्कम ट्रेटिनॉइनचा. पण त्या उत्तरानं तुमचं काय झालं ते आरशात दिसतंच आहे. चेहरा न भाजता, न कंटाळता वर्षभर कुठलं लावू शकाल, हे आधी ठरवावं लागेल. ही औषधं महिन्याभरात काही दाखवत नाहीत. ज्यांनी वर्ष काढलं त्यांनाच फरक दिसतो. आणि आपल्या रंगाच्या त्वचेत मधेच भाजलं, तर वर्ष वाया जातंच, शिवाय आधी नव्हते ते डाग पदरात पडतात.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. प्रॅक्टिसचं दुसरं की तिसरं वर्ष, एप्रिल महिना. यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला जाणारी चाळिशीची बाई गालावरचे डाग घेऊन आली. मी शिकले होते त्याप्रमाणे ट्रेटिनॉइन ०.०५, रोज रात्री, असं लिहून दिलं. "थोडी आग होईल" एवढंच सांगितलं. तीन आठवड्यांनी ती तोंडावर पदर धरून आली. "मॅडम, डाग घालवायला आल्ते, तुम्ही तर अख्खं तोंडच काळं केलं की ओ!" आगीनं लाल झालेली त्वचा शांत होताना काळी पडली होती. गोऱ्या कातडीवर हाच लालपणा येतो आणि विरून जातो. आपल्याकडे तो जाताना शाई सांडून जातो. ती शाई उतरायला पाच महिने लागले. ती मला तोंडावर त्याहून जास्त काही बोलली नाही, पण तिच्या गल्लीतून पुढे बरीच वर्षं एकही पेशंट माझ्याकडे आला नाही.

त्याच बाईनं एका फेरीला मला एक गोष्ट विचारली होती, ती मी अजून पेशंटना सांगते. उन्हानं चेहऱ्याचं नक्की होतं काय, हे मी समजावत होते. ती म्हणाली, "आमच्यात रंगीत सुताचे गठ्ठे उन्हात टाकून ठेवत नाहीत. रंग उडतो आणि धागा पण कुजतो. तसंच का?" अगदी तसंच. वरचा रंग बिघडतो आणि आतला धागा, म्हणजे कोलॅजन, तुटतो. उन्हातली अतिनील किरणं त्वचेत कोलॅजन कातरणारी एन्झाइम्स जागी करतात. रेटिनॉइड, म्हणजे आपली ही तिन्ही औषधं ज्या गटातली तो गट, ह्या कातऱ्यांना आवर घालतं, नवीन कोलॅजन विणायला लावतं, वरच्या थरातल्या जुन्या पेशी लवकर झडवतं आणि साचलेलं रंगद्रव्य पांगवतं. म्हणून एकाच औषधानं बारीक सुरकुत्याही हलक्या होतात आणि रंगही एकसारखा होत जातो.

हे सगळं अ जीवनसत्त्वाचं घराणं. त्वचेच्या पेशीला ह्यातलं फक्त रेटिनॉइक ॲसिड कळतं. पेशीच्या केंद्रात त्याच्या बसायच्या ठरलेल्या जागा, म्हणजे रिसेप्टर, असतात, त्यांच्यावर ते बसलं की काम सुरू. ट्रेटिनॉइन म्हणजे तयार रेटिनॉइक ॲसिडच, थेट कामाला लागतं. रेटिनॉलला मात्र त्वचेत शिरल्यावर दोन पायऱ्या चढाव्या लागतात, आधी रेटिनाल्डिहाइड आणि मग रेटिनॉइक ॲसिड. पुष्कळ क्रीमवर रेटिनाइल पामिटेट असं लिहिलेलं असतं, त्याला तर तीन पायऱ्या. दर पायरीला माल गळतो. म्हणून भाचीच्या बाटलीवरचा १ आणि तुमच्या ट्यूबवरचा ०.०५ हे आकडे शेजारी ठेवून तुलना करायची नाही. १ हा आकडा वीसपट मोठा दिसतो, तरी ताकद तुमच्या ट्यूबमध्येच जास्त. उलट बाजूनं, रेटिनॉल सौम्यच असतं असंही नाही. १ टक्का ही त्याची वरची पातळी झाली. कोरड्या पडत चाललेल्या सत्तेचाळिशीच्या चेहऱ्याला सुरुवातीलाच १ टक्का नको. पंचविशीतल्या, तेलकट त्वचेच्या भाचीला जे चाललं, ते आत्यालाही चालेल असं नसतं.

ट्रेटिनॉइनची गोष्ट थोडी सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत १९७१ साली ते पिंपल्सचं औषध म्हणून आलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या आल्बर्ट क्लिगमन यांच्याकडे ते लावणाऱ्या जरा वयस्क बायका सांगू लागल्या, की पिंपल्सचं राहू द्या, चेहरा गुळगुळीत झालाय. तिथून शोध सुरू झाला. १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठानं ३० जणांवर १६ आठवड्यांचा अभ्यास छापला आणि सुरकुत्यांवरचं औषध म्हणून त्याची हवा झाली. पण माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा अभ्यास १९९५ चा. त्यात ०.१ टक्के आणि ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन ४८ आठवडे लावून पाहिलं. सुधारणा दोन्हींत जवळपास सारखी, आग आणि सालपटं मात्र ०.०२५ मध्ये कितीतरी कमी. चौपट कडक औषध लावून हातात जास्त पडलं ते नुसतं सोलवटणं. एप्रिलमधली ती बाई माझ्याकडे आली तेव्हा हा अभ्यास छापून कितीतरी वर्षं झाली होती. मी तो वाचलाही होता, फक्त मनावर घेतला नव्हता.

ॲडापॅलीन हे प्रयोगशाळेत घडवलेलं रेटिनॉइड. ते ठरावीक रिसेप्टरवरच बसतं, उजेडात लवकर बिघडत नाही आणि ट्रेटिनॉइनच्या मानानं कमी झोंबतं. आपल्याकडे ०.१ टक्क्याचं जेल सर्रास मिळतं. पिंपल्ससाठी मला ते फार आवडतं. सुरकुत्यांसाठीही त्यावर काम झालंय, पण ट्रेटिनॉइनएवढं नाही, आणि अधिकृत शिक्का पिंपल्सचाच आहे. चाळिशीतही ज्यांना हनुवटीवर पिंपल्स येत राहतात, त्वचा तेलकट आहे, अशांना मी हेच देते, एका दगडात दोन पक्षी. तुमच्या लिहिण्यात पिंपल्सचा उल्लेख नाही, वरून कोरडेपणाचा आहे. कोरड्या त्वचेला जेल आणखी सुकवतं, म्हणून तुमच्यासाठी ते माझं पहिलं नाव नाही. राहिलं ह्याच घराण्यातलं टॅझारोटिन. ते सुरकुत्यांवर काम करतं, पण झोंबण्यातही सगळ्यांच्या पुढे. चेहऱ्याच्या वयासाठी मी ते लिहितच नाही म्हटलं तरी चालेल.

रेटिनॉलला मी नावं ठेवतेय असं वाटायला नको. २००७ साली मिशिगनच्याच लोकांनी ०.४ टक्के रेटिनॉल खूप म्हाताऱ्या, सरासरी ८७ वर्षांच्या माणसांच्या दंडाच्या आतल्या बाजूला २४ आठवडे लावलं, तर तिथल्या बारीक सुरकुत्यासुद्धा कमी झाल्या. म्हणजे ते काम करतं. अडचण बाटलीची आहे. रेटिनॉल हवा आणि उजेड लागला की मरतं. ड्रॉपरची बाटली रोज उघडली, बाथरूमच्या खिडकीत ठेवली, तर दोन महिन्यांनी आत काय उरलंय ते देव जाणे. घ्यायचंच तर अपारदर्शक, पंपाच्या बाटलीतलं, ०.२ किंवा ०.३ टक्क्याचं घ्या. आणि आपल्या मे महिन्यात कुठलीच बाटली किंवा ट्यूब स्कूटीच्या डिकीत ठेवू नका. घरातला पाराच चाळीस गाठतो, डिकीत तर भट्टी.

ह्याच ओघात एक धोक्याची सूचना. "बाकुचिऑल हे नैसर्गिक रेटिनॉल आहे" असं हल्ली सगळीकडे वाचायला मिळतं. ते बावचीपासून काढतात. शुद्ध बाकुचिऑलवर छोटे अभ्यास आहेत आणि ते बरे आहेत. पण ते वाचून काही जणी काष्टौषधीच्या दुकानातून बावचीचं तेल किंवा बिया आणून थेट तोंडाला लावतात. बावचीत सोरॅलिन असतं. कोडावरच्या उपचारात तिचा उपयोग होतो तो ह्याचसाठी, की सोरॅलिन त्वचेला उन्हाकडून जास्त भाजून घ्यायला लावतं. बावचीचं तेल लावून सोलापूरच्या उन्हात बाहेर पडणं म्हणजे स्वतःहून तव्यावर बसणं. मी गालावर पाण्याचे फोड आलेली एक नवरी पाहिली आहे, हळदीच्या चार दिवस आधी.

आता कुठलं निवडायचं ते कशावर अवलंबून, तर सगळ्यात जास्त तुमच्या गालावरच्या तपकिरी छटेवर. ती न बघता मला सांगता येणार नाही. दोन्ही गालांवर, नाकावर, वरच्या ओठावर सारखी, ढगासारखी छटा असेल तर तो बहुतेक वांग. वांगावर नुसत्या रेटिनॉइडनं फार काही होत नाही, उपचार वेगळा आणि चिकट. गालावर तिळासारखे छोटे, काळे, उंचवट्याचे दाणे असतील, तर त्यांना कुठलंच क्रीम लागू पडत नाही. ते साधे निरुपद्रवी दाणे, नकोच असतील तर डॉक्टरांकडे काढता येतात. आणि मान मखमलीसारखी जाड, काळी पडली असेल, तर ते ना वयाचं ना उन्हाचं. अशा वेळी मी क्रीम लिहायच्या आधी शुगर तपासायला सांगते. "मान घासून घासून दमले" म्हणून आलेल्या कित्येक जणींना डायबेटिस असल्याचं माझ्याकडेच कळलंय.

दुसरी गोष्ट, घरातल्या जुन्या ट्यूब. कपाट उघडा आणि गेल्या दोन-तीन वर्षांत चेहऱ्याला जे जे लावलं ते सगळं टेबलावर मांडा. "गोरं होण्याचं", "डाग जाण्याचं" म्हणून दुकानातून आणलेलं एखादं क्रीम त्यात हमखास निघतं. खोक्यावर मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खालची बारीक ओळ वाचा. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनच्या जोडीला किंवा एकटंच मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन ह्यांपैकी एखादं नाव असेल, तर त्यात स्टिरॉइड आहे. तीन औषधांची ही मिश्रणं वांगासाठी थोडे आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायची असतात. आपल्याकडे ती पावडर-स्नोसारखी वर्षानुवर्षं लावली जातात. पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो, म्हणून बाई खूश. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, गालावर लव वाढते, पिंपल्स फुटतात. क्रीम सोडलं की इतकी आग होते की परत तेच लावावं लागतं. २०१८ साली सरकारनं अशा स्टिरॉइड क्रीमवर चिठ्ठीची सक्ती केली, तरी काउंटरवर ती अजून मिळतातच. तुम्ही असं काही वापरत असाल तर रेटिनॉइडचा विचार पुढे ढकला. स्टिरॉइडनं पातळ झालेल्या चेहऱ्यावर ट्रेटिनॉइन लावणं म्हणजे खरवडलेल्या गुडघ्यावर मीठ. ट्रेटिनॉइनही चिठ्ठीवरचंच औषध आहे, ताई. मेडिकलवाल्यानं ते न विचारता दिलं ही त्याची चूक, तुमची नाही.

तिसरी गोष्ट, पाळी. ४७ व्या वर्षी कसलं गरोदरपण म्हणून हसू नका. पाळी चालू आहे तोवर शक्यता धरायची. गरोदरपणात किंवा दिवस राहावेत म्हणून प्रयत्न चालू असताना ह्यातलं काहीच लावायचं नाही, रेटिनॉलसुद्धा नाही. हे तुमच्यापेक्षा भाचीला जास्त लागू आहे, तिला आवर्जून सांगा.

हे सगळं बाजूला करून, म्हणजे छटा साधी उन्हाची आहे, स्टिरॉइड नाही, त्वचा पूर्ण शांत झालीय असं धरून, तुम्ही माझ्यासमोर बसला असता तर मी ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के क्रीम लिहिलं असतं. क्रीमच, जेल नाही. आठवड्यातून दोनच रात्री. तेही सोसलं नाही तर ०.३ टक्के रेटिनॉल. आणि सनस्क्रीन रोज लावणं जमणार नसेल तर दोन्ही नको. हे मी रागानं म्हणत नाही. दिवसा ऊन कातरणार आणि रात्री आपण विणणार, त्यात ट्यूबचे पैसे वाया.

लावायचं कसं, ह्यावरच निम्मं यश असतं, म्हणून जरा सावकाश सांगते. रात्रीचं जेवण-भांडी आटोपली की तोंड सौम्य फेसवॉशनं धुवा. बोअरच्या जड पाण्यात अंगाच्या साबणाचा फेस धड निघत नाही, चेहऱ्यावर त्याचा थर बसतो आणि कातडं ओढल्यासारखं होतं, म्हणून चेहऱ्याला साबण नको. पुसून वीस मिनिटं थांबा. ओल्या त्वचेत औषध जास्त आत शिरतं आणि जास्त झोंबतं. तेवढ्यात वह्या तपासा, मालिका बघा. मग नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांचे कोपरे इथे व्हॅसलिन टेकवा, सालपटं पहिली तिथेच निघतात. सुरुवातीचे दोन महिने त्यावर आख्ख्या चेहऱ्याला मॉइश्चरायझरचा एक हात. आता क्रीम घ्यायचं मटारच्या दाण्याएवढं, आख्ख्या चेहऱ्याला मिळून तेवढंच. कपाळावर दोन ठिपके, दोन्ही गालांवर एकेक, हनुवटीवर एक, आणि तिथून बोटाच्या टोकानं बाहेर पसरवायचं. डोळ्याभोवती हाडाच्या कडेपर्यंत या, पापणीवर नको. वरून परत मॉइश्चरायझर. डागावर जास्त चोळलं की डाग लवकर जातो असा एक समज आहे, तो सोडा. डागावर जास्त चोळलं की तिथे नवा डाग पडतो.

मात्रा बरोबर आहे की नाही, ते ट्यूबच सांगते. मटाराएवढं म्हणजे साधारण पाव ग्रॅम. वीस ग्रॅमची ट्यूब रोज लावली तरी अडीच महिने पुरते, आठवड्यातून दोनदा लावली तर नऊ महिने. पेशंट दुसऱ्या फेरीला येते तेव्हा मी चेहऱ्याआधी ट्यूब मागते. महिन्याभरात ती टूथपेस्टसारखी शेवटापर्यंत गुंडाळलेली निघाली, की आगीचं कारण मला विचारावं लागत नाही.

दोन रात्रींचं वेळापत्रक ठरवा, समजा सोमवार आणि गुरुवार. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात थोडी सालपटं, थोडा ताण हा ठरलेला टप्पा. पाणी झोंबायला लागलं तर एक आठवडा सुट्टी घ्या आणि परत तिथूनच सुरू करा. दोन महिने सुखानं गेले तर एक दिवसाआड. रोज लावायचा हट्ट नको. माझ्या कितीतरी पेशंट वर्षानुवर्षं एक दिवसाआडच लावतात आणि छान आहेत. मी स्वतः आठवड्यातून तीनदा लावते. ज्या रात्री रेटिनॉइड, त्या रात्री व्हिटॅमिन सी, ग्लायकॉलिक ॲसिड किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड नको. आणि ब्युटी पार्लरला जायच्या आधी पाच-सात दिवस बंद ठेवा. वरच्या ओठावर वॅक्स लावून ओढलं तर पट्टीबरोबर कातडंही येतं. थ्रेडिंगनंही खरचटतं. पार्लरवालीला बोल लावण्यात अर्थ नाही, तिला सांगितलं नाही तर कळणार कसं?

सुरुवात कधी करायची, ह्यावर माझं मत ठाम आहे. सोलापुरात मार्च ते मे नवीन रेटिनॉइड सुरू करायचं नाही. आधीपासून अंगवळणी पडलं असेल तर चालू ठेवा, पण श्रीगणेशा नको. नवीन लावणाऱ्याची वरची त्वचा पहिले काही आठवडे नाजूक असते आणि ऊन चटकन लागतं. आषाढ-श्रावण उत्तम, ढग असतात, हवेत ओल असते, त्वचा तडकत नाही. थंडीतही चालतं. फक्त जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या सुमारास, हवा इतकी कोरडी होते की ओठ-टाचा फुटतात, तेव्हा एक रात्र कमी करा आणि मॉइश्चरायझर वाढवा.

सनस्क्रीनबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही वाचलेलं असेलच. फक्त शिक्षिकेला लागू पडेल तेवढं. एसपीएफ ३० किंवा वरचं, दोन बोटांवर लांब रेघ ओढून चेहरा आणि मानेला मिळून तेवढं, घरातून निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी. दुसरा हात मधल्या सुट्टीत, विशेषतः नंतर मैदानावर पी.टी. असेल तर. स्कूटीवर स्कार्फ गुंडाळता ते उत्तमच, पण डोळ्यांभोवतीचा पट्टा उघडा राहतो आणि तुमच्या सुरकुत्या नेमक्या तिथेच आहेत, म्हणून तिथे सनस्क्रीन आणि वरून गॉगल. छटा वांगाची निघाली तर रंगाचा हात असलेलं, म्हणजे आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्या, कारण वांगाला नुसती अतिनील किरणं नाही, तर डोळ्यांना दिसणारा उजेडही चाळवतो.

अपेक्षा किती ठेवायची? पहिल्या महिन्यात कदाचित आधीपेक्षा वाईटच दिसेल. तिसऱ्या महिन्याच्या आसपास हात फिरवल्यावर चेहरा मऊ लागतो, रंग थोडा एकसारखा होतो. बारीक सुरकुत्यांना सहा महिने ते वर्ष. नाकापासून ओठापर्यंतच्या खोल घड्या, ओघळलेला गाल, डोळ्यांखालच्या पिशव्या ह्यांना ट्यूब हात लावू शकत नाही. कुणी तसं सांगत असेल तर ते औषध विकतायत. आजच, त्वचा लाल असली तरी, सकाळी आठला एका खिडकीपाशी, फिल्टर न लावता फोटो काढून ठेवा. दर तीन महिन्यांनी तीच खिडकी, तीच वेळ. रोज आरशात बघणाऱ्याला फरक कळत नाही आणि आठव्या आठवड्याला "काही उपयोग नाही" म्हणून औषध सुटतं. माझ्याकडे सोडून दिलेल्यांपैकी बहुतेकींनी ह्याच सुमारास सोडलंय.

कपाटातल्या ०.०५ च्या ट्यूबचं काय करायचं, हेही मनात असेल. फेकू नका. वर्षभर ०.०२५ सुखानं लावलंत, तर एक्सपायरी बघून तुमच्या डॉक्टरांना विचारा, तेव्हा ती वापरता येईल. मैत्रिणीला मात्र देऊ नका. भाचीचं सिरम भाचीला परत.

आणि हो, मिस्टरांना चालेल. पुरुषांच्या त्वचेला वेगळं औषध लागत नाही. सकाळी दाढी करत असतील तर त्याच्या आदल्या रात्री लावू नये, ब्लेडनं सालपटं निघून चरचरतं. दिवसभर उन्हात फिरतीचं काम असेल तर त्यांनाही सनस्क्रीनची सवय आधी लावा, मग औषध. फक्त त्यांची ट्यूब वेगळी घ्या. एकाच ट्यूबमध्ये दोघांनी हात घातलात, तर महिन्याभरात ती संपेल आणि दुसऱ्या फेरीला जास्त कोणी लावलं ह्यावरून माझ्यासमोर भांडत बसाल.